खूण सापडली, पण वाटा किती?

आर्क्टिक महासागराची अन्नसाखळी वर्गात शिकवताना आपण फळ्यावर वनस्पतिप्लवक, प्राणिप्लवक, मासा, सील आणि शेवटी पांढरे अस्वल असा क्रम काढतो. बर्फ असतो तो केवळ अस्वलाला उभे राहण्यापुरता. प्रत्यक्षात समुद्रबर्फाच्या तळाकडील भागात, खाऱ्या पाण्याच्या बारीक पोकळ्यांत, वसंतातल्या अंधुक उजेडात डायटम शेवाळ वाढते. ते इतके दाट होते की बर्फाची खालची बाजू तपकिरी दिसते. मोकळ्या पाण्यातले प्लवक बहरण्याआधीच हे अन्न मिळू लागते.

पण एखाद्या माशाच्या शरीरातला कार्बन बर्फातल्या शेवाळाचा की पाण्यातल्या प्लवकांचा, हे ओळखावे कसे? डायटम दोन्हीकडे असल्याने मेदाम्लांवरून निवाडा होत नाही. जड कार्बनचे (कार्बन-१३) प्रमाण बर्फातल्या शेवाळात बहुधा जास्त असते, पण तेही जागेनुसार व काळानुसार बदलते. वाट सापडली ती २००७ साली. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातले सायमन बेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २५ कार्बन अणूंचा, पुष्कळ फांद्यांचा एक हायड्रोकार्बन बर्फाची खूण म्हणून पुढे आणला. त्याचे नाव आयपी२५. त्याच्याच कुळातला, तीन दुहेरी बंधांचा रेणू पाण्यातले काही डायटम बनवतात. प्राण्याच्या ऊतीत या दोन प्रकारच्या रेणूंचे परस्पर प्रमाण किती, यावरून त्याचे अन्न कुणीकडचे हे ताडता येते.

याच पद्धतीवर आधारलेला एक निबंध २०२३ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. १५५ जातींच्या प्राण्यांचे सुमारे २३०० नमुने तपासले, तेव्हा ९६ टक्के प्राण्यांत बर्फाची खूण आढळली. आम्हाला यात सर्वांत मोलाचे वाटते ते वेगळेच. ही खूण जानेवारी ते डिसेंबर, बाराही महिने सापडली. हिवाळ्यात शेवाळ वाढत नाही, मग खूण येते कुठून? वसंतात व उन्हाळ्यात बर्फातून सुटलेले शेवाळ बुडून तळाच्या गाळात साठते आणि तळावरचे प्राणी ते पुढेही खात राहतात. तळाचा गाळ म्हणजे जणू धान्याचे कोठार! वर्गात सांगावी अशी गोष्ट ही आहे.

‘९६ टक्के’चा अर्थ मात्र जपून लावला पाहिजे. खूण सापडली म्हणजे त्या प्राण्याने बर्फातले अन्न थोडेतरी घेतले, एवढेच. निबंधकारांनीही मोकळ्या पाण्यातल्या उत्पादनाच्या मानाने या अन्नाचे प्रमाण कमी असल्याचे म्हटले आहे. सांगोवांगीत मात्र ‘९६ टक्के प्राणी बर्फावर जगतात’ असे होऊन बसते.

दुसरी अडचण पद्धतीतलीच आहे. आयपी२५ बनवणाऱ्या डायटमांच्या जाती मोजक्या, आणि बर्फातल्या डायटमांत त्यांचा वाटा साधारणपणे पाच टक्क्यांहूनही कमी. खिचडीच्या पिवळेपणावरून हळद पडली हे कळते, पण तांदूळ किती हे सांगायचे तर प्रत्येक घरी हळद त्याच मापाने घालतात असे धरून चालावे लागते. गुणोत्तरावरून टक्केवारी काढता येते हे दाखवले गेले ते आर्टेमिया या इवल्याशा कवचधारी प्राण्याला शेवाळाचे मिश्रण खाऊ घालून. पुढे २०१८ साली कॅनडाच्या आर्क्टिकमधील अस्वलांच्या यकृतांवरून, त्यांच्या शरीरातला सरासरी ८६ टक्के कार्बन बर्फातला असल्याचा अंदाज मांडला गेला. आर्टेमियापासून अस्वलापर्यंतची उडी लांब आहे. मधल्या प्रत्येक भक्षकाच्या शरीरात ते गुणोत्तर तसेच टिकले, हे त्यात गृहीत आहे.

हा तपशिलाचा कीस नव्हे. बर्फ घटतो आहे, आणि त्याने अस्वलाचे दोन प्रकारे नुकसान होऊ शकते. सीलची शिकार करण्याची जागा जाते, आणि सीलपर्यंत पोचणाऱ्या अन्नाचा उगमही आटू शकतो. पहिले डोळ्यांना दिसते. दुसरे किती मोठे, हे ८६ हा आकडा किती भरवशाचा यावर ठरते. त्यासाठी ज्या पाण्यात नमुने घेतले त्याच पाण्यात, त्याच हंगामात, शेवाळाच्या दर ग्रॅम कार्बनमागे खुणेचा रेणू किती हे मोजलेले हवे.