माशांच्या टाकीतला फिल्टर : गाळणी की वसतिस्थान?

शाळेत किंवा घरी माशांची टाकी ठेवायचे ठरले की काच, वाळू, मासे यांची निवड हौसेने होते. फिल्टरची निवड मात्र बहुतेक वेळा दुकानदारावर सोडली जाते. त्याला आपण दोनच प्रश्न विचारतो : आवाज करत नाही ना? आणि टिकेल ना? प्रश्न रास्त आहेत. पण त्यांची उत्तरे आपण खोक्यावरच्या मजकुरात शोधतो, आणि तो मजकूर फिल्टरकडे पाण्यातली घाण गाळणारे यंत्र म्हणूनच बघतो. आमच्या मते गोंधळाचे मूळ इथेच आहे. म्हणून खोक्यावर नेहमी आढळणारी तीन विधाने तपासून पाहू.

पहिले विधान 'ताशी इतके लिटर' हे. हा आकडा सहसा पंप रिकामा असताना, म्हणजे आत स्पंज वगैरे काही नसताना आणि पाणी उंच चढवायचे नसताना मिळणारा असतो. स्पंज घातला, तो थोडा मळला, की प्रवाह बराच कमी होतो. खरा प्रवाह मोजणे अवघड नाही, वर्गातही जमेल. फिल्टरमधून पडणारे पाणी एक लिटरच्या मापात धरा आणि घड्याळ लावा. माप २० सेकंदांत भरले तर प्रवाह ताशी १८० लिटर. आता टाकी पाहा. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ३० सेंमी उंच टाकीचे आकारमान ५४ लिटर होते. वरची मोकळी जागा आणि वाळू वजा केली तर पाणी साधारण ४५ लिटर. म्हणजे टाकीतल्या पाण्याइतके पाणी तासात चार वेळा फिल्टरमधून जाते. लहान टाकीला एवढे पुरते. याहून जोरदार पंप घेतला तर गप्पीसारखे छोटे मासे दिवसभर प्रवाहाशी झगडत राहतात.

दुसरे विधान 'आवाजरहित'. याला एकक नाही. क्वचित डेसिबलचा आकडा दिलेला असतो, पण किती अंतरावरून मोजला ते नसते, आणि अंतराशिवाय तो आकडा निरर्थक आहे. त्यापेक्षा आवाज येतो कुठून हे समजून घेतलेले बरे. हवेच्या पंपात विद्युतचुंबकामुळे एक लहानशी दांडी सेकंदाला ५० वेळा हलते आणि रबरी पडद्याला ढकलते. हे कंपन पंपापुरते राहिले तर फारसे ऐकू येत नाही. ते टेबलात किंवा फळीत उतरले की सगळी फळी गुणगुणू लागते. नादकाटा वाजवून त्याचा दांडा टेबलावर टेकवला की आवाज का वाढतो, हे आपण वर्गात शिकवतोच. इथे तेच घडते. पंपाखाली जाड फोम ठेवा किंवा पंप दोरीने टांगा, आवाजात लगेच फरक जाणवेल. पाण्यात बुडवायच्या मोटरच्या फिल्टरमध्ये चुंबकाचे छोटे चक्र फिरते. त्याची खरखर येत असेल तर वाळूचा कण अडकलेला असतो, हवा साठलेली असते किंवा आस झिजलेला असतो. काठावर टांगलेल्या फिल्टरचा खळखळाट पाण्याची पातळी थोडी वाढवली की कमी होतो. नवा आवाज म्हणजे बिघाडाची वर्दी असते हेही लक्षात ठेवावे. आणि अगदी शांत झालेला फिल्टर कधी कधी बंद पडलेला असतो!

तिसरे विधान सर्वात घातक : 'दर महिन्याला आतली गाळणपट्टी बदला.' हे समजण्यासाठी पाण्यातल्या रसायनाकडे वळावे लागेल.

मासे अमोनिया बाहेर टाकतात, तोही मुख्यतः कल्ल्यांतून. उरलेले खाद्य कुजूनही अमोनियाच तयार होतो. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसत असताना त्यात मासे मारण्याइतका अमोनिया असू शकतो, कारण तो विरघळलेला असतो. कुठलाही स्पंज तो गाळू शकत नाही. दुकानात मिळणारा सक्रिय कोळसा रंग आणि वास शोषतो, अमोनियावर त्याचा फारसा उपयोग नाही. पाण्याचा सामू ७ असेल तर एकूण अमोनियाचा शंभरात एकाहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की हाच भाग शंभरात पाच-सहा होतो. विंधनविहिरीचे पाणी वापरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण आपल्याकडे ते अनेक ठिकाणी अल्कधर्मी असते.

हा अमोनिया संपवतात जीवाणू. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. रशियन शास्त्रज्ञ विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास हे दोन टप्पे वेगळे करून दाखवले. नायट्राइटही घातक असते, त्याने माशांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटते. नायट्रेट त्या मानाने सौम्य, ते अधूनमधून थोडे पाणी बदलून काढता येते. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय बरीच वर्षे नायट्रोबॅक्टरला दिले जाई. १९९० च्या दशकात गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्यावर तिथे नायट्रोस्पायरा हे जीवाणू मुख्य असल्याचे दिसले. २०१५ मध्ये तर दोन्ही टप्पे एकटेच पार पाडणारे नायट्रोस्पायराही सापडले.

हे जीवाणू पृष्ठभागांना चिकटून राहतात आणि त्यांना ऑक्सिजन लागतो. म्हणून स्पंजाचे खरे काम गाळण्याचे नाही, तर जीवाणूंना जागा देण्याचे आणि त्यांच्यापर्यंत ऑक्सिजनयुक्त पाणी पोहोचवण्याचे आहे. दर महिन्याला पट्टी फेकणे म्हणजे वसवलेली वस्ती दर महिन्याला उठवणे. नळाखाली स्पंज धुणेही तसेच, कारण पाण्यातले क्लोरीन जीवाणू मारते. टाकीतलेच पाणी बादलीत काढून त्यात स्पंज दोन-तीनदा पिळावा आणि परत लावावा. तो फाटेपर्यंत बदलण्याचे कारण नाही.

या कसोटीवर आम्ही लहान टाकीसाठी स्वस्तातल्या स्पंज फिल्टरची शिफारस करतो. नळीत हवेचे बुडबुडे सोडले की नळीतले पाणी हलके होऊन वर चढते आणि त्याच्या जागी स्पंजातून नवे पाणी ओढले जाते. पाण्यात फिरणारा एकही भाग नाही, त्यामुळे तिथे बिघडण्यासारखे काही नाही. पंपाचा रबरी पडदा काही काळाने फाटतो, तो बदलता येतो. वीज गेली तरी स्पंज उघड्या पाण्यात असल्याने जीवाणू काही तास तग धरतात. बंद डब्याच्या महागड्या फिल्टरचा आवाज खरोखर कमी असतो, पण वीज बराच वेळ गेली तर डब्यातला ऑक्सिजन संपतो आणि वस्ती मरू लागते. काठावर टांगलेले काही फिल्टर वीज आल्यावर पाणी न ओढता कोरडेच फिरतात. भारनियमनाच्या गावात हे महत्त्वाचे आहे. हवेचा पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा किंवा नळीत एकदिशा झडप बसवावी. नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटे पंपात उतरते.

स्पंज फिल्टरचे दोषही सांगायला हवेत. तो जागा अडवतो, दिसायला साधा असतो, बारीक गढूळपणा नीट काढत नाही आणि बुडबुड्यांचा आवाज करतो. झोपण्याच्या खोलीत तो कुणाला खटकेल. गोल्डफिशसारख्या भरपूर घाण करणाऱ्या माशांना तो एकटा पुरत नाही. तिथे मोठा फिल्टर घ्यावा, पण आतला स्पंज जपावा.

फिल्टर कोणताही घेतला तरी वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ओळखीच्या कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर तिथला स्पंज पिळून ते पाणी आपल्या टाकीत घालावे, काम लवकर होते. या काळात मासे दोन-तीनच ठेवावेत, खाद्य चिमूटभर द्यावे. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे संच मत्स्यदुकानात मिळतात. मुलांकडून एक दिवसाआड वाचन घेऊन आलेख काढावा. आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागताना नायट्राइट चढते, मग तेही उतरते.

शाळेतल्या टाकीत मासे बहुधा याच पहिल्या महिन्यात मरतात आणि मुलांना सांगितले जाते की त्यांना हवामान मानवले नाही. मुले ते मान्य करतात, कारण पाणी तर स्वच्छ दिसत असते. तो आलेख भिंतीवर असेल तर ती मान्य करणार नाहीत.