पांढऱ्या यादीतले माळरान

अधिसूचना आणि न्यायालयीन निकाल हेही अखेर गद्यच असते. त्यात काही शब्द निवडलेले असतात, काही टाळलेले असतात आणि त्या निवडीमागे जगाकडे पाहण्याची एक दृष्टी असते. स्वच्छ ऊर्जेविषयी आपल्याकडे लिहिल्या गेलेल्या अशा गद्याचे वाचन मी येथे करू पाहतो. निमित्त आहे माळढोकाचे.

२०१६ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांची लाल, नारंगी, हिरवा आणि पांढरा अशी वर्गवारी केली. हवेत काय सोडले जाते, पाण्यात काय सोडले जाते, घातक कचरा किती होतो, साधनसंपत्ती किती लागते, या तिच्या कसोट्या. त्यांवर औष्णिक वीज लाल ठरली, सौर आणि पवनऊर्जा पांढरी. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेतही सौर फोटोव्होल्टाइक आणि पवन प्रकल्पांना स्थान नाही. त्यामुळे पूर्वमंजुरी नाही आणि जनसुनावणीही नाही. वनजमीन लागली तर वनकायदा आडवा येतो. माळरानाच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

ही सारी भाषा धुराची आणि सांडपाण्याची आहे. तिच्या कोशात तारेला शब्दच नाही. माळढोकाचे मरण मात्र तारेत आहे. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने समोरचे फार थोडे दिसते. तार दिसली तरी जड अंग ऐन वेळी वळवता येत नाही. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. एकूण पक्षी दीडशेच्या आत उरल्याचे मानले जाते, आणि थरच्या वाळवंटात दरवर्षी सुमारे १८ माळढोक वीजवाहिन्यांमुळे मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता.

प्रश्न न्यायालयात गेला तो या रिकाम्या जागेमुळे. १९ एप्रिल २०२१ रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने राजस्थान आणि गुजरातमधील माळढोकाच्या क्षेत्रांत वाहिन्या भूमिगत करण्याचे निर्देश दिले. क्षेत्र होते सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटर. २१ मार्च २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने तो सरसकट निर्देश मागे घेऊन विषय तज्ज्ञ समितीकडे सोपवला. त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मधून मान्य झाला. हा निकाल ऐतिहासिक आहे, यात शंका नाही. पण वाचताना मला एक गोष्ट खुपत राहिली. हक्क ज्याला मिळाला तो माणूस, आणि तोल साधण्यासाठी पारड्यात घातला गेला तो पक्षी.

तरीही २०२१ चा आदेश निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी मी सोलापूरजवळ नान्नजला गेलो होतो. दिवसभर फिरूनही माळढोक दिसला नाही. काळवीट दिसले आणि वैतागलेले शेतकरी भेटले. १९७९ मध्ये जाहीर झालेले हे अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. जमिनीचे व्यवहार अडले, राग पक्ष्यावर निघाला आणि पुढे त्यातला बहुतांश भाग वगळावा लागला. आधी न पेलणारी रेघ मोठ्या हाताने ओढायची, मग तितक्याच मोठ्या हाताने पुसायची, हे आपण नान्नजला केले होते. थरमध्ये तेच पुन्हा घडले.

याचे मूळ मला ‘पडीक’ या शब्दात दिसते. जैसलमेर भागातली ओरणे म्हणजे देवाच्या नावाने राखलेली कुरणे. पिढ्यान् पिढ्या तिथे गुरे चरतात, झाडाला कुऱ्हाड लागत नाही. आपल्या देवराईचीच ती वाळवंटातली बहीण. पण महसुली दप्तरात यातली अनेक ओरणे पडीक म्हणून नोंदलेली आहेत. एकदा जमीन पडीक ठरली की तिथे काय नष्ट होईल, हा प्रश्न विचारण्याचे कारणच उरत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की सौर प्रकल्प मंजुऱ्यांत अडकले तर कोळसा आणखी जळेल. तो धूर चंद्रपूरकरांना विचारावा. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगरजीवाश्म क्षमतेचे लक्ष्य असताना दिरंगाई परवडणारी नाही, हे मलाही मान्य आहे. म्हणूनच प्रत्येक प्रकल्पाची नवी फाइल मी मागत नाही. जमीन निवडण्यापूर्वी त्या प्रदेशाचा नकाशा करावा: पक्ष्यांचे मार्ग, ओरणे, चराईच्या वाटा. तिथल्या लोकांची सुनावणी त्याच टप्प्यावर घ्यावी. तारा उभ्या राहिल्यावर त्या पुरण्याचा वाद तीन-तीन वर्षे न्यायालयात चालवण्यापेक्षा यात वेळ कमीच जाईल.

मराठीने या पक्ष्याच्या नावातच त्याचे घर सांगून ठेवले आहे. आपल्या नियमांना निदान त्या घराची नोंद ‘पडीक’खेरीज दुसऱ्या एखाद्या शब्दाने करता आली, तर पुढचे पुष्कळ सोपे होईल.