हौस, चैन आणि 'समाधान'

दलित आत्मकथनांवर गेल्या चार-पाच दशकांत मराठीत जी समीक्षा लिहिली गेली तिचा शब्दसंग्रह पाहिला तर भूक, वेदना, नकार, विद्रोह हे शब्द पानोपानी भेटतात. हौस हा शब्द क्वचितच भेटतो. समीक्षक पुस्तक उघडतो, भुकेची पाने शोधून काढतो, हळहळतो, 'दाहक वास्तव' असा शिक्का मारतो आणि पुस्तक मिटतो. त्याच पुस्तकातल्या माणसाला भाकरीखेरीज आणखीही काही हवे होते, काठाचे लुगडे हवे होते, हॉटेलात इतरांच्यासारखा धड कप हवा होता, सणाला गोडाधोडाचा घास हवा होता, हे त्याने वाचलेले असते. पण त्याच्या लेखी ते गौण असते. मला ते गौण वाटत नाही. उपाशी माणसाविषयी कणव वाटायला वाचकाला आपल्या जागेवरून हलावे लागत नाही. हौस करू पाहणारा माणूस मात्र शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतो, आणि तिथेच आमच्या रसिकाची पंचाईत होते.

ही पंचाईत कोठून आली? मराठी पांढरपेशा मनाची जडणघडण ज्या वाङ्मयावर झाली त्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. एक, संतांच्या नावावर खपवलेला समाधानाचा उपदेश. दुसरी, १९३० च्या आसपास फडके, खांडेकर, काणेकर यांनी रूढ केलेला लघुनिबंध. लघुनिबंध हा छोट्या सुखांचा वाङ्मयप्रकार आहे. वाफाळलेला चहा, खिडकीतला पाऊस, दुपारची डुलकी, जुना कोट, नवी छत्री, अशा एवढ्याशा गोष्टींवरून मनाने मजेत हिंडून यायचे. या प्रकाराने मराठी गद्य सैल आणि बोलके केले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. पण त्या चहाची कपबशी कोणी विसळली आणि त्या कपात कोणाला चहा मिळणारच नव्हता, हा प्रश्न लघुनिबंधकाराच्या मनाला सहसा शिवत नाही. एकाच घरात सकाळी लघुनिबंध आणि सायंकाळी हरिपाठ वाचला गेला, तरी दोहोंत कधी भांडण झाले नाही. चहाची लज्जत स्वतःसाठी राहिली. समाधानाचा उपदेश गड्याला आणि मोलकरणीला करता आला.

याचा दोष मी तुकोबांवर ठेवणार नाही. परंपरा सांगते, की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. ज्याच्या हातात लोकांकडून येणे असलेले कागद होते त्याने ते सोडून दिले, आणि मग देव ठेवील तसे राहण्याची गोष्ट केली. सोडण्याजोगे काही असलेल्या माणसाचे ते समाधान आहे. तोच अभंग, ज्याच्या नावावर वीतभर कागद कधी नव्हता त्याला ऐकवला की त्याचा अर्थ उलटा होतो. ऐकवणाऱ्याला तो उलटाच हवा असतो.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण आपण शाळेत गिरवली. अंथरूण कोणी मापले, हे कोणत्याच मास्तरांनी सांगितले नाही. मापणाऱ्याने माप लिहून ठेवले आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मेलेल्याची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यात जेवावे, दागिने लोखंडाचे घालावेत असे बजावले आहे; आणि शूद्राला जमत असले तरी त्याने धनसंचय करू नये, असेही त्याच अध्यायात आहे. येथे गरिबीचे वर्णन नाही. गरिबी नसली तरी ती दिसली पाहिजे, अशी ही आज्ञा आहे. कोणी म्हणेल, हा जुना ग्रंथ झाला. तर मग बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, आणि प्रत्यक्षात कधीच न झालेले, ते भाषण काढून पाहावे. त्यात १९२८ सालच्या इंदूर भागातल्या बलाईंची हकीकत आहे. तिथल्या सवर्णांनी बलाईंना नियम घालून दिले: जरीकाठी पागोटे बांधायचे नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. नियम मान्य नसतील तर गाव सोडा.

त्याच भाषणात जयपूर संस्थानातल्या चकवाऱ्याची गोष्ट आहे. एक अस्पृश्य तीर्थयात्रेहून परतला. त्याने आपल्या जातभाईंना जेवण घातले आणि पानात तूप वाढले. शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवले, जेवणाऱ्यांना बडवून काढले. तूप विकतचे होते, पैसे त्याचे होते, जेवणारे त्याचे होते. यात चोरी कशाची झाली? अस्पृश्याने तूप खाणे हीच बरोबरीची उद्दाम घोषणा ठरली, हे बाबासाहेबांनी तिथे नेमके ओळखले आहे. अर्थशास्त्राचा हा पंडित तुपाच्या एका वाढणीवर थांबतो, कारण जातीची व्यवस्था कोणत्या बारीक वस्तूंतून चालते हे त्याला ठाऊक होते. आमचे समीक्षक अशा वाढणीवरून पुढे निघून जातात.

आता ज्या उताऱ्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. वरच्या जातींची मुले एका झाडाखाली आणि महारांची पोरे वेगळी. त्यांच्या डब्यांत नाना तऱ्हेचे पदार्थ. यांच्या फडक्यात भाकरी. जेवणे झाल्यावर उरलेसुरले यांना मिळते आणि पोरे त्यावर तुटून पडतात. घरी आल्यावर पोर हे आईला सांगतो, तर आई विचारते, माझ्यासाठी का आणले नाहीस? पुढे वर्गात मास्तर निबंध लिहायला सांगतात. विषय अर्थातच सहल.

हा प्रसंग अपमानाचा म्हणून पुष्कळदा सांगितला जातो, आणि तो अपमानाचा आहेच. पण सहल म्हणजे काय? काम नसलेला एक दिवस, झाडाची सावली, वेगळ्या चवीचा डबा, मित्रांबरोबर वाटून खाणे. मध्यमवर्गीय बालपणाची ही सर्वांत साधी चैन. आणि 'आमची सहल' हा निबंध म्हणजे त्या वर्गाच्या लघुनिबंधाची पहिली इयत्ता. पोराला निबंध लिहिता येत नाही, तो मराठी कच्चे म्हणून नव्हे. त्या निबंधाचा साचाच अशा माणसासाठी आहे ज्याला सुख झाले आणि जो ते सांगू शकतो. या पोराला सुखही झाले आहे, ही त्यातली खरी अडचण. ते पदार्थ त्याला आवडले, त्याच्या जिभेने ते लक्षात ठेवले, आईच्याही तोंडाला पाणी सुटले. सुख आणि उष्टे एकाच घासात आले. असा घास लघुनिबंधात बसत नाही, संतांच्या समाधानात बसत नाही, आणि मला सांगायला वाईट वाटते, आमच्या विद्रोहाच्या समीक्षेतही तो नीट बसलेला नाही. आईच्या प्रश्नाला आपण लाचारी म्हणून टाकतो. मला त्यात एका बाईची साधी इच्छा ऐकू येते: मलाही चाखायचे होते. ती इच्छा उष्ट्यावाटेच पुरी होऊ शकते हा गुन्हा व्यवस्थेचा आहे, इच्छेचा नाही.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) या दृष्टीने आणखी श्रीमंत आहे. लुगड्याचे काठ दिसू द्यायचे नाहीत, निऱ्यांत ते लपले पाहिजेत, असा महार बाईवरचा दंडक त्यांनी नोंदवला आहे. लुगडे आहे, त्याला काठही आहे, पण काठ मिरवण्याचा हक्क नाही. आणि त्याच पुस्तकात आषाढ महिन्याची पाने आहेत. सारवण, न्हाणे, वर्षातून कधी नव्हे ती डोक्याला तेलाची धार, बरे अन्न, महारवाड्यात उठलेली लगबग. लेखिका अंधश्रद्धेवर कोरडे ओढते, पोतराजाची, अंगात येण्याची दुर्दशा लपवत नाही. तरीही न्हालेल्या बायांचे वर्णन करताना तिची लेखणी हसते. त्या हसण्याला समीक्षेत जागा मिळालेली नाही. आम्ही तिथून घाईने अंधश्रद्धेवर येतो, कारण त्यावर बोलणे सोपे आहे.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच बाजूने येईल. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनीच बायांना गळाभर आणि कोपरापर्यंत चढवलेले कथलाचे-चांदीचे दागिने टाकायला सांगितले नव्हते काय? सांगितले होते. पण कशासाठी, ते पाहावे. ते दागिने जातीची खूण झाले होते. घालायचाच तर सोन्याचा घाला, नाही तर घालू नका, असे त्यांचे म्हणणे. आणि लुगडे वरच्या जातींच्या बाया नेसतात तसे नेसा, असेही. बायांनी तिथल्या तिथे नेसणे बदलले. यात कमीत समाधान मानण्याचा उपदेश शोधूनही सापडत नाही. शिवाय आणखी एक. ज्या बायांनी ते कथील टाकले त्यांनी ते एके काळी हौसेनेही घातले असणार. त्या त्यागाची नोंद कोणी घेतली?

बाबासाहेबांचा सूट हाही आमच्याकडे अजून चघळला जाणारा विषय आहे. गांधीजींनी १९२१ साली मदुराईला पंचा स्वीकारला आणि देशाने त्यांना महात्मा म्हणून डोक्यावर घेतले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पंचाच होता त्यांच्यातला एक जण नीट शिवलेला सूट घालून गोलमेज परिषदेला बसला, तर ती चैन ठरली. उघडे राहणे हा निर्णय असू शकतो, हे उघड्यांना कसे समजावे? १९४५ च्या काँग्रेस-गांधीविषयक ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली ती याच मुद्द्यावर: यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही. दलिताला फुरसतीचा हक्क आहे असे म्हणणारा त्या काळातला हा विरळा नेता. तोच माणूस १९२० ते २३ लंडनमध्ये अर्धपोटी राहिला होता. पुस्तकांसाठी. कमीत राहणे त्यांना चांगलेच माहीत होते. पुढे राजगृह बांधले तेही आधी पुस्तकांचा संसार मांडण्यासाठी.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी हा तिढा सरळ हाताळला आहे. संतोष हे श्रेष्ठ धन, हे बुद्धवचन ते घेतात आणि लगेच बजावतात, की याचा अर्थ परिस्थितीपुढे मान तुकवणे असा नाही. बुद्धाने दारिद्र्याला धन्य म्हटलेले नाही. दुःख भोगणाऱ्याने स्थिती बदलू नये असेही म्हटलेले नाही. संपत्ती त्याला वर्ज्य नाही. त्याने वीर्य शिकवले, म्हणजे उद्योगाचे बळ. नको आहे तो ज्याला सीमा नाही असा लोभ. १९५७ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ आपण वंदनेला घेतो. समीक्षेला घेत नाही.

घेतला असता, तर नोकरीला लागलेल्या पोराने खिडकीला पडदे लावले की त्याला 'दलित ब्राह्मण' म्हणण्याची सवय आपल्याला लागली नसती. १९५६ साली आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्यांविषयी जी खंत व्यक्त केली ती त्यांनी समाजाकडे पाठ फिरवली म्हणून होती, पडदे लावले म्हणून नव्हती. आपल्या कितीतरी कथांत खलनायक ओळखायचा तो सोफासेटवरून. सोपी युक्ती आहे. सोफ्यावर बसलेला माणूस वस्तीत का जात नाही, याचा शोध घ्यायला कथाकाराला मेहनत पडते. सोफा दाखवायला पडत नाही.

मी चैनीची वकिली करतो आहे असा ग्रह होऊ नये. लग्नात डीजे लावण्यासाठी फायनान्सवाल्याचे कर्ज काढून पुढची चार वर्षे हप्त्यांत घालवणारी घरे मी पाहतो, आणि मला राग येतो. बाजाराला जातीचे सोयरसुतक नाही असे म्हणतात. हप्ता चुकेपर्यंत ते खरे असते. अशा वेळी सीमा नसलेल्या लोभाविषयीचे ते वाक्य मला आठवते. पण तो उपदेश मी त्या घरात बसून करीन, शेजारी म्हणून. वाड्यावरून नाही. हल्ली शहरांत भरल्या घरातल्या लोकांनी वस्तू काढून टाकण्याची टूम काढली आहे, तिला ते मिनिमलिझम म्हणतात. खुशाल काढाव्यात. फक्त रिकाम्या घराला त्याचे पुस्तक भेट देऊ नये.

कारण रिकामेपणाची सक्ती अजून संपलेली नाही. २०१५ साली शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर बाबासाहेबांचे गाणे वाजले, एवढ्यावरून मारहाणीला सुरुवात झाली, अशी तक्रार होती. आवडीचे गाणे खिशात वाजणे, यापेक्षा लहान चैन कोणती असणार? चकवाऱ्याच्या तुपाचीच ही पुढची हकीकत आहे.

अशा वेळी शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) हे पुस्तक मला मोलाचे वाटते. नावातच त्यांनी जेवणापूर्वीच्या श्लोकाशी वाद घातला आहे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरांत काय शिजत होते, कसे शिजत होते, हे त्यांनी कृतींसह लिहिले. गावाने जे टाकले, जे स्वस्त होते, जे वाट्याला आले, त्याचे हे अन्न. आणि तरीही ते रुचकर कसे करावे याची अक्कल त्या चुलींना होती. पुस्तकावर बोलताना लोक पुन्हा वंचना, उपेक्षा हेच शब्द काढतात. पाटोळे मात्र चव सांगत असतात. मसाला किती, पातळ की घट्ट, कशाबरोबर खावे. ज्याला नुसते पोट भरायचे आहे तो इतके सांगत बसत नाही.

'जिणं आमुचं'वर यापुढे कोणी लिहायला बसले, तर त्याने आषाढाची पाने आधी वाचावीत आणि भुकेची नंतर.