भेदरलेला शिपाई आणि त्याची थाप

कोवळा पोरगा मिसरूड फुटायच्या वयात फौजेत जातो, पहिल्याच गोळीबारात त्याची गाळण उडते आणि त्याचे डोळे उघडतात. युद्धकादंबरीचा हा साचा आता इतका रुळलाय, की वाचकाला शेवट आधीच ठाऊक असतो. एकेकाळी शौर्यगाथा जशी ठोकळेबाज झाली, तसा आज भ्रमनिरासही ठोकळेबाज झाला आहे. मोठे लेखक मात्र तिथे थांबले नाहीत. रणात गळून पडलेला भ्रम चार माणसांत बसून बोलताना पुन्हा कसा उगवतो, हे त्यांनी दाखवलं.

टॉल्स्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’तला निकोलाय रोस्तोव्ह पाहा. १८०५ची शेनग्राबर्नची लढाई. घोडा कोसळलाय, हात दुखावलाय आणि समोरून फ्रेंच शिपाई धावत येताहेत. हे आपल्याला मारायला येताहेत, ज्याच्यावर सगळ्यांचा जीव आहे त्या आपल्याला, हे त्याच्या डोक्यात शिरतच नाही. हातात पिस्तूल असून तो गोळी झाडत नाही. दगड भिरकवावा तसं पिस्तूलच फेकतो आणि धूम ठोकतो. इथवर कुणीही चांगला लेखक आला असता. पुढे मित्रांनी विचारल्यावर रोस्तोव्ह खरंच सांगायचं ठरवून सुरुवात करतो, आणि नकळत त्याच्या तोंडून घोडदळाच्या झंझावाती हल्ल्याची झकास गोष्ट बाहेर पडते. ऐकणाऱ्यांना तीच हवी असते.

स्टीफन क्रेनची ‘द रेड बॅज ऑफ करेज’ आली १८९५ साली. अमेरिकी यादवी १८६५मध्ये संपली आणि क्रेन जन्मला १८७१ला. म्हणजे लिहिताना त्याने युद्ध पाहिलेलंच नव्हतं. तरी हेन्री फ्लेमिंगची भीती त्याने अचूक पकडली. हेन्रीला मरणाइतकाच घोर आहे तो लाजेचा: आपण पळालो तर? बाकीचेही असेच घाबरलेत का, हे तो आडून आडून चाचपतो. शेवटी पळतोच. डोक्याला खोक पडते तीही शत्रूकडून नव्हे. आपल्याच बाजूचा एक पळपुटा बंदुकीचा दस्ता हाणतो. हेन्री ती जखम गोळीची म्हणून खपवतो आणि सोबती मायेने पट्टी बांधतात. दुसऱ्या दिवशी तो झेंडा घेऊन लढतो खरा, पण त्या शौर्याच्या मुळाशी ही थाप आहे. ‘पोरगा अखेर मर्द झाला’ असं वाचणाऱ्यांना क्रेनची तिरकी नजर दिसलीच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

रेमार्कच्या १९२९च्या कादंबरीत हीच थाप दया होऊन येते. पाय कापल्यावर इस्पितळात झिजत मेलेल्या केमेरिखच्या आईला त्याचा सोबती, कादंबरीचा नायक पाउल सांगतो, तो जागीच गेला. ती शपथ घ्यायला लावते, आणि पाउल ती घेतो. पाउल स्वतः मरतो ऑक्टोबर १९१८मधल्या एका शांत दिवशी. याच कादंबरीवरच्या २०२२च्या जर्मन चित्रपटाला हे पुरेसं वाटलं नाही. तिथे युद्धविराम लागू व्हायच्या ऐन घटकेला एक हल्ला रचलाय, आणि पाउल त्यात मरतो. चित्रण जबरदस्त आहे; पण रोस्तोव्हच्या श्रोत्यांना हवी होती तशी गोष्ट शेवटी इथेही मिळालीच.

व्हिएतनामहून परतलेल्या टिम ओब्रायनने १९९०च्या ‘द थिंग्ज दे कॅरीड’मध्ये थाप हाच विषय केला. त्याचा नायक युद्धावर जातो तो न जाण्याची लाज वाटते म्हणून. गोष्ट सांगणाऱ्यावर किती विश्वास ठेवायचा, हेही लेखक वाचकावरच सोपवतो. या परंपरेतलं अलीकडचं सगळ्यात धीट पुस्तक मला तरी हेच वाटतं.

मराठीत लढाया रग्गड आहेत. बखरींपासून ‘पानिपत’पर्यंत आपण त्या बहुधा सरदारांच्या, सेनापतींच्या अंगाने वाचल्या. सातारा-कोल्हापूरकडच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या पोरं फौजेत जात आली आहेत. पहिल्या रात्री खंदकात पोटात गोळा आलेला आणि सुट्टीवर आल्यावर पारावर भलतंच सांगणारा त्यातला पोरगा आपल्या कादंबरीत क्वचितच भेटतो. ती कादंबरी कुणीतरी लिहायला हवी.