खरं सांगणारं भूत

गेल्या चातुर्मासात माझं वाचन दोन ठिकाणी चाललं होतं. सकाळी बस्तीत बायकांचा स्वाध्याय, आणि दुपारी चार ते पाच शेजारच्या सिस्टरांकडे. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. मिरजेला शिकल्या, नोकरीला बेळगावात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. "तुमचे उच्चार स्पष्ट आहेत वहिनी, थोडं वाचून दाखवाल का?" म्हणाल्या. वाचायचं होतं मराठी बायबल. क्रम असा काही नव्हता, त्यांना आठवेल तो भाग मी काढायचा आणि वाचायचा. स्वाध्यायातल्या एकदोघींनी भुवया वर केल्या. मी म्हटलं, अगं, ऐकल्याने बाटायला आपला धर्म काय दुधाचं पातेलं आहे?

पण दुसऱ्याचा ग्रंथ उघडताना आपल्या मनात एक तराजू असतोच, खोटं कशाला बोलू. मला वाटलं होतं, इथे सरळ हिशेब असेल: आपल्या देवाचे ते चमत्कार आणि बाकीच्यांची ती हातचलाखी. पहिल्याच आठवड्यात माझा हिशेब चुकला.

'निर्गम' नावाच्या पुस्तकात मिसरचा राजा फारो आणि मोशे यांचा सामना आहे. मोशेचा भाऊ अहरोन काठी टाकतो, तिचा साप होतो. फारोचे जादूगारही आपापल्या काठ्या टाकतात, आणि त्यांचेही साप होतात. ग्रंथ कुठेही म्हणत नाही की ते साप खोटे होते. अहरोनाची काठी त्यांच्या काठ्या गिळते, एवढंच. पुढे नदीचं पाणी रक्त होतं, जादूगारही तेच करून दाखवतात. मग बेडूक येतात, पलंगावर, भट्टीत, कणीक मळायच्या परातीत. जादूगार काय करतात? तेही बेडूक आणतात! मला वाचता वाचता हसू फुटलं. अहो, घर बेडकांनी भरलंय, तर आणखी बेडूक आणणारा काय कामाचा? आहेत ते घालवून दाखव की. घालवण्यासाठी फारोला शेवटी मोशेलाच बोलवावं लागतं. तिसऱ्या खेपेला, उवांच्या वेळी, जादूगारांचं काही चालत नाही. ही शक्ती भुतांची होती असं या प्रकरणात लिहिलेलं नाही, गुप्त मंत्रतंत्र एवढाच उल्लेख आहे. भुतांचा हात पुढच्या वाचकांनी पाहिला. पण ती शक्ती होती, हे मूळ ग्रंथालाच कबूल आहे.

त्याहून मला खिळवून ठेवलं ते आकाशातून पडणाऱ्या अग्नीने. हा अग्नी या ग्रंथात अनेकदा पडतो. कर्मेल डोंगरावर एलीया एकटा, समोर बआलाचे ४५० संदेष्टे. ज्याचा देव अग्नीने उत्तर देईल तो खरा, अशी पैज. अग्नी एलीयाच्या बाजूने पडतो आणि लोक दंडवत घालतात. ठीक. पण ईयोबाच्या गोष्टीतही अग्नी पडतो आणि त्याची मेंढरं, चाकर जळून जातात. धावत आलेला चाकर धन्याला सांगतो, देवाचा अग्नी पडला. बिचाऱ्याला काय माहीत! वाचणाऱ्या आपल्याला ठाऊक असतं की ईयोबाची मालमत्ता देवाने सैतानाच्या हाती दिलेली आहे. आणि शेवटच्या 'प्रकटीकरणा'त एक श्वापद लोकांच्या डोळ्यांदेखत आकाशातून अग्नी पाडतं, मूर्तीत प्राण घालून तिला बोलायला लावतं, आणि जग फसतं.

म्हणजे अग्नी तोच. उभं राहून बघणाऱ्या माणसाने ओळखायचं कसं? ऑगस्टीन (३५४–४३०) या ख्रिस्ती आचार्यांनी 'सिटी ऑफ गॉड'मध्ये हा प्रश्न सरळ हाताळलाय. पौलाच्या एका पत्रात शेवटच्या काळातल्या खोट्या अद्भुतांचा उल्लेख आहे. तिथे 'खोटं' म्हणजे नजरबंदी, की चमत्कार खरा पण खोट्याकडे नेणारा, असं ते विचारतात, आणि ईयोबाचाच दाखला देतात: तो अग्नी भास नव्हता, मेंढरं खरोखरच जळाली.

इथे मला आपले समंतभद्र आठवले. 'आप्तमीमांसे'च्या अगदी पहिल्या श्लोकात ते भगवंतालाच ऐकवतात, की देव तुझ्याकडे येतात, तू आकाशातून चालतोस, तुझ्यावर चवऱ्या ढाळल्या जातात, हे सगळं मायावी लोकांतही दिसतं, एवढ्यावरून तू मला थोर नाहीस. केवढं धाडस! सिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्या काळा चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "मत्तय काढा, सातवा अध्याय." तिथे येशू म्हणतो, त्या दिवशी पुष्कळ जण मला सांगतील की आम्ही तुझ्या नावाने भुतं काढली, अद्भुतं केली, आणि मी त्यांना सांगेन, माझी तुमची कधी ओळखच नव्हती. परक्याच्या नव्हे, स्वतःच्या नावाने केलेल्या चमत्कारालाही दाखला मानायला तो तयार नाही.

पण मैत्रिणींनो, आपण फार ताठ मानेने बसायला नको. ज्या समंतभद्रांनी तो श्लोक लिहिला, त्यांच्याच नावावर आपण काय सांगतो? त्यांनी स्तोत्र म्हटलं, शिवाची पिंडी दुभंगली आणि आतून चंद्रप्रभ भगवान प्रकटले. लहानपणी आजीकडून ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा यायचा, अजूनही येतो. युक्तिवाद आठवणारे थोडे, पिंडी फुटली हे सगळ्यांना पाठ. चमत्काराला किंमत नाही असं सांगणाऱ्यालाही आपण चमत्कार चिकटवल्याशिवाय सोडलं नाही.

मग कसोटी कोणती? बायबल इथे दोन आवाजांत बोलतं, असं मला वाटतं. 'अनुवाद' या पुस्तकात म्हटलंय, एखाद्या संदेष्ट्याने सांगितलेली खूण खरी ठरली, पण तो दुसऱ्या देवांच्या मागे चला म्हणत असेल, तर ऐकू नका. वर त्याला ठार करा. म्हणजे आपला कोण आणि परका कोण हे आधीच ठरलेलं, चमत्कार नुसता मागून येणार. या कसोटीची धार उलटी फिरायला कितीसा वेळ लागतो? येशूने भूत काढलं तेव्हा परूशी हेच म्हणाले, हा भुतांच्या अधिपतीच्या, बालजबुलाच्या, साहाय्याने काढतो. त्यावर त्याच प्रकरणात येशूची दुसरी कसोटी येते: झाड फळावरून ओळखावं.

मला ही कसोटी आवडली, आणि आवडली म्हणून मी ती लावून पाहिली. कर्मेलवर एलीयाचा अग्नी पडला, त्यानंतर काय झालं? बआलाच्या संदेष्ट्यांना धरून ओढ्याकाठी नेलं आणि मारून टाकलं. एकालाही निसटू दिलं नाही. मी वाचायची थांबले. "सिस्टर, फळावरून झाड ओळखायचं ना?" बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "तो जुना करार आहे वहिनी. लूक काढा." लूकच्या नवव्या अध्यायात एका शोमरोनी गावाने येशूला थारा दिला नाही म्हणून याकोब आणि योहान विचारतात, आकाशातून अग्नी पडून हे नाश पावोत असं म्हणू का? येशू वळून त्यांनाच दटावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात. अग्नीच्या सगळ्या प्रसंगांत मला हा मोठा वाटतो. यात अग्नी पडतच नाही. पण यामुळे कर्मेलचा ओढा धुऊन निघतो असं मी म्हणणार नाही. सिस्टरांनाही मी तसं म्हटलं नाही.

हा घोळ पुस्तकातच राहिला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. एन-दोर गावच्या बाईची गोष्ट घ्या. शौल राजाने भुतं बोलावणाऱ्यांना देशातून हाकललेलं, आणि लढाईच्या आदल्या रात्री तोच वेष पालटून एका अशा बाईच्या दारात. मेलेल्या शमुवेलाला वर आण म्हणतो. शमुवेल येतो आणि उद्या तू आणि तुझी मुलं माझ्याकडे असाल असं सांगतो. तसंच होतं. आता हा खरा शमुवेल की त्याचं रूप घेतलेलं भूत? ग्रंथ सरळ 'शमुवेल' म्हणतो, आणि तिसऱ्या शतकातले ओरिजेन तेच मानतात. तेर्तुल्यन म्हणतात भूत. चौथ्या शतकात अंत्युखियाच्या युस्ताथियसांनी ओरिजेनला खोडून काढायला आख्खा ग्रंथ लिहिला. पंडितांचा नुसता खल वाटतो ना? १६९२ साली अमेरिकेत सेलम इथे चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिलं, त्यांत १४ बायका. हिची आकृती रात्री येऊन आम्हाला छळते, अशा साक्षी पुराव्यात धरल्या गेल्या. त्या वर्षी इन्क्रीज मॅदर या धर्मोपदेशकांनी लिहिलं की सैतान निरपराध माणसाचंही रूप घेऊ शकतो, सबब हा पुरावा धरू नका. दाखला दिला तो एन-दोरच्या शमुवेलाचाच. जी समजूत माणसं मारत होती, तीच वाचवायलाही कामी आली.

आणि ती एन-दोरची बाई? भविष्य ऐकून राजा जमिनीवर कोसळतो. दिवसभर, रात्रभर काही खाल्लेलं नाही. ती म्हणते, चार घास खा, अंगात शक्ती येईल. वासरू कापते (इथे माझा घास अडकतो, पण असो), भाकरी भाजते आणि त्याला वाढते. ज्याने तिच्यासारख्यांना हाकललं, त्याला. सगळ्या प्रकरणात मला हेच अद्भुत वाटलं.

शेवटी 'प्रेषितांची कृत्ये', अध्याय सोळा. फिलिप्पै शहर. एका दासीच्या अंगात भावी सांगणारा आत्मा आहे. तिच्या सांगण्यावर धन्यांना भरपूर मिळकत होते. ती रोज पौलाच्या मागून ओरडत जाते, की ही माणसं परात्पर देवाचे दास आहेत, तुम्हाला तारणाचा मार्ग सांगतात. नीट बघा, भूत खरं बोलतंय! पौल स्वतः तेच सांगत फिरतोय. स्वाध्यायात आपण विभंगज्ञान शिकतो. व्यंतरांना दूरचं दिसतं, ते बरोबरही असतं, पण दृष्टी मिथ्या. अगदी तोच प्रकार. पौल पुष्कळ दिवस सोसतो, मग त्रासून वळतो आणि आत्म्याला हुकूम देतो, तिच्यातून नीघ. तो तत्काळ निघतो. धन्यांची मिळकत बुडते, ते पौल आणि सीलाला बाजारात ओढतात, फटके, तुरुंग, मध्यरात्री भूकंप, तुरुंगाधिकाऱ्याचा सगळ्या घरादारासह बाप्तिस्मा.

मुलगी? तिचं पुढे नावच नाही. आधीही नव्हतं. त्याच अध्यायात जांभळी वस्त्रं विकणारी लुदिया आहे. तिचं नाव आहे, गाव आहे, घर आहे, शेवटी पौल तिच्याकडेच जातो. या दासीचं काय झालं? मिळकत बंद झालेल्या दासीला धन्यांनी कसं वागवलं असेल? पौलाने भूत काढलं तेसुद्धा तिच्या दयेने नाही, त्रासून. लिहिणाऱ्याने हे लपवलेलं नाही, याबद्दल मी त्याला मानते. पण त्याच्या लेखणीला ती आत्म्यापुरतीच हवी होती, आत्मा गेला तशी तीही गेली.

हे वाचताना माझा आवाज बसला, त्याला कारण आहे. माझं लग्न नवं होतं तेव्हा धाकटे दीर वडिलांशी भांडून घर सोडून गेले. सासूबाई मला घेऊन दोन तासांवरच्या एका खेड्यात गेल्या. तिथे सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या अंगात यायचं. तिने घुमत घुमत सांगितलं: भुवईवर खूण, निळा शर्ट, बापाशी भांडण. सगळं बरोबर. खरं सांगितलं म्हणून सासूबाईंनी तिच्या काकाच्या हातात आधी पैसे दिले, आणि नंतरच्या खेपांना एकेक करून पाटल्या. दीर दीड वर्षाने आपले आपण परत आले, इचलकरंजीला मागावर कामाला होते. फसलो म्हणून आम्ही त्या काकाला आणि त्या मुलीला, दोघांनाही, वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. तिला कसं कळलं यावर घरात खूप काथ्याकूट झाला.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती. अंगातलं उतरल्यावर त्या मुलीने पाणी मागितलं होतं. काका म्हणाला, मागून, अजून माणसं बसलीत. माझ्या पिशवीत घरून आणलेल्या गाळलेल्या पाण्याचा फिरकीचा तांब्या होता. तिने तो बघितलाही. मी पिशवी पदराखाली ओढून घेतली. तिच्या अंगातल्याची मला भीती वाटली.

सिस्टरांना मी हे त्या दिवशी सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग मी विचारलं, "या दासीचं पुढे कुठे काही येतं का हो? दुसऱ्या एखाद्या पत्रात वगैरे?"

"नाही," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं वाचतेय, कधी शोधलं नाही मी." आणि थोड्या वेळाने, "परत वाचा बरं तेवढं. सोळाव्या ओवीपासून."

मी पान मागे उलटलं.