पाऊस, कोठार आणि सातबारा

मराठी ग्रामीण साहित्यात दुष्काळ पुष्कळ आला आहे. पण बहुधा तो आभाळातून आला आहे. ढग हुलकावणी देतात, जमीन भेगाळते, माणसे गाव सोडतात. वाचक हळहळतो आणि पुस्तक मिटतो. दोष कुणाचाच नसतो. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात मी हे साहित्य शिकवतो. घरातला पहिला पदवीधर मी. आईबापांनी गायरानाच्या तुकड्यावर काढलेल्या ज्वारीवर वाढलो. म्हणून या निर्दोष दुष्काळाची तपासणी मला आवश्यक वाटते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्या. अखेरीस पाऊस पडत नाही, धनगर मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते. हे चित्रण अस्सल आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण याच कादंबरीत शेकूची बायको बैलाच्या जोडीला स्वतःच्या खांद्यावर जू घेते, तो प्रसंग मला अधिक मोलाचा वाटतो. तिथे अडले आहे ते दुसऱ्या बैलावाचून. हंगाम साधायला साधन लागते आणि ते सर्वांकडे सारखे नसते, हे लेखकाला दिसले होते. कादंबरीने मात्र शेवट आभाळावर सोपवला.

अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’त (१९५९) हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला. माणसे उपाशी मरू लागतात तेव्हा फकिरा धान्याच्या कोठाराकडे पाहतो. धान्य आहे, पण कुलपात आहे. कलात्मकतेच्या नावाखाली या कादंबरीला नाके मुरडणाऱ्यांना हा विचार दिसला नाही. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ (२००२) कर्ज, बियाणे, बाजार आणि शिकून बेकार राहिलेला एकनाथ यांना एकत्र आणते. शेतकऱ्याला एकटा पाऊस मारत नाही, हे ती ठामपणे सांगते. पण तिचा शेतकरी जमिनीचा मालक आहे. ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्याचे बारा महिने कुणी लिहायचे?

हा केवळ साहित्यातला वाद नाही. पाऊस खरोखर बदलला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात पावसाळ्यातला एकूण पाऊस घटत गेला, पण दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यात दिसले. मराठवाड्याने दोन्ही टोके पाहिली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव-बीडकडे पुराने उभी पिके आणि माती वाहून गेली.

शेतकरी यावर आपल्या परीने मार्ग काढतो. रुंद वरंब्यावर सोयाबीन पेरतो. वरंब्यात ओल टिकते, जादा पाणी सरीतून निघून जाते. सोबत तूर घेतो, म्हणजे एक पीक बुडाले तरी दुसरे हाती लागावे. शेततळे खोदतो. पण या मार्गांना जमीन आणि भांडवल लागते, सरकारी मदतीला सातबारा लागतो. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत किमान ०.६० हेक्टर जमीन नावावर असण्याची अट होती. म्हणजे मागणाऱ्यांत भूमिहीन धरलेलाच नव्हता!

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय २८ नोव्हेंबर १९९१ रोजी निघाला. तरी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन कितीतरी घरांच्या नावावर झालेली नाही. पीक गेले की भरपाईच्या यादीत त्यांचे नाव येणे दुरापास्त. मग मुकादमाची उचल घ्यायची आणि नवरा-बायकोने ऊसतोडीला जायचे. म्हणजे पाणी पिणाऱ्या उसाच्याच दारात. बागायतदार ठिबक टाकतो त्याला ‘अनुकूलन’ म्हणतात. आमची माणसे कोयता घेऊन निघतात त्याला ‘स्थलांतर’. शब्दांची ही विभागणीही समीक्षेने तपासली पाहिजे.

पाणी हा हक्काचा प्रश्न आहे, हे २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी दाखवून दिले. तरीही दलित साहित्याकडे माझी तक्रार आहे. आपण भूक लिहिली, अपमान लिहिला; गायरानावरची पेरणी, हुकलेला वाफसा, शेंगेतच मोड आलेले सोयाबीन फारसे लिहिले नाही. ते लिहिणारे आता आपल्याच वर्गांत बसलेले आहेत. दुष्काळावरचे कोणतेही पुस्तक हाती आले की त्यांनी तीन प्रश्न विचारावेत: पेरणीला बैल कुणाचा? कोठाराची किल्ली कुणाकडे? आणि सातबारा कुणाच्या नावावर?