‘धर्मात्मा’ आणि मटक्याचा चोख हिशेब

फिरोज खान यांच्या ‘धर्मात्मा’तला (१९७५) प्रेमनाथचा सेठ मटकाकिंग रतन खत्रीवर बेतलेला मानतात. खत्री फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेला. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर चालणारा आकडा १९६१च्या सुमारास बंद पडला. पुढे पत्ते काढून आकडा ठरू लागला. खत्रीची कीर्ती कशावर? तर पत्ते चोख काढतो, यावर.

आम्हाला तो चोखपणाच तपासायचाय. एकेरी आकडा लागण्याची शक्यता दहात एक, आणि पैसे मिळणार साधारण नऊपट. म्हणजे बघा, पत्ता कितीही सचोटीने काढा, सरासरीने शंभरातले दहा रुपये धंदेवाल्याकडेच राहणार. लबाडी करायची गरजच नाही! खोट हातात नव्हती, नियमात होती.

सिनेमा मात्र बाप-लेकाच्या दुराव्यात रमतो. ‘गॉडफादर’ची सावली, दुसरं काय. त्यातले गोरगरीब सेठला धर्मात्मा म्हणतात. ते दान आलं कुठून? आपल्या तळ्यासारख्या गावांतून गिरणीत गेलेले चाकरमानीही आकडा लावत. हरले, की तेवढी घरची मनिऑर्डर कमी व्हायची, आणि वाण्याची उधारी वाढायची.